पर्यायी वायुस्रोत (स्कूबा डायव्हिंग)

पर्यायी वायुस्रोत म्हणजे स्कूबा डायव्हिंगमध्ये हवा संपलेल्या सहकाऱ्याला श्वसनासाठी देता येणारे राखीव साधन होय. 'ऑक्टोपस' हा त्याचा सर्वाधिक प्रचलित प्रकार. त्याच टाकीला जोडलेला हा जादा रेग्युलेटर चटकन दिसावा म्हणून बहुधा पिवळा असतो. 'पोनी' ही लहान टाकी मात्र पूर्णतः स्वतंत्र असते.

२० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या सुमारे तिप्पट असल्याने हवाही तिप्पट वेगाने संपते. एकाच टाकीवर दोघे असल्यास वेग दुप्पट होतो. घाबरलेला पाणबुड्या समोरच्याच्या तोंडातील रेग्युलेटर ओढण्याची शक्यता असते. म्हणून गुहांमध्ये लांब नळीचा, तोंडातील रेग्युलेटर देऊन स्वतः गळ्यातील राखीव रेग्युलेटर वापरण्याची पद्धत रूढ आहे. साधन कोणतेही असो, सहकाऱ्यासोबत उथळ पाण्यात वारंवार सराव आवश्यक ठरतो.