भाड्याचा कारखाना

सोलापूरच्या पूर्व विभागात आमची भाड्याची खोली होती. शेजारच्या खोलीतल्या अक्का विड्या वळायच्या. रात्री तेंदूची पाने भिजवून ओल्या फडक्यात बांधायची, सकाळी कातरायची, मग दिवसभर मांडीवर सूप. तंबाखूचा वास आणि ओली फरशी यांवरून घरमालकाची कुरकुर रोजचीच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा. त्यानुसार मालकाने भाड्याची पावती द्यायची असते. पाणी-वीज तोडायला त्याला मनाई आहे. पण पावती मागणाऱ्याला दुसरी खोली शोधावी लागते, हे अक्कांना कुठल्याही कलमाआधी ठाऊक होते.

भाडेकरूचे बरेवाईट ठरवताना आपण छत, नळ, संडास मोजतो. विडी वळणारीचा हिशेब त्याने पुरा होत नाही. कारखान्याच्या शाखेतून पान-तंबाखू आणायचे, घरी वळायचे, विड्या मोजून परत द्यायच्या. म्हणजे वळण्याची जागा तिची, तिचे भाडेही तिच्याच मजुरीतून. खोली सुटली की संसाराबरोबर कामाची बैठकही उठते.

घर आणि मजुरी यांची ही गाठ ओळखली ती इथल्या लाल बावट्याने. नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने सहकारी संस्था उभी राहिली आणि अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला विडी कामगार स्त्रियांची १०,००० घरे झाली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग त्यांच्या हस्तांतरणासाठी आले होते. पैसा केंद्राचा, राज्याचा आणि खुद्द कामगारांचाही. वसाहतीला नाव गोदूताई परुळेकरांचे. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिणाऱ्या, वारल्यांमध्ये आयुष्य घालवलेल्या बाईचे नाव तेलुगू बोलणाऱ्या बायकांच्या दारावर यावे, हे मला फार आवडते. पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगरची ३०,००० घरांची योजना आली. त्यांतली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी सुपूर्द झाली.

आकडे मोठे आहेतच. मला मात्र त्याआधीची गोष्ट मोलाची वाटते. एरवी सोडतीच्या घरात शेजार नशिबाने मिळतो. इथे संघटना आधी होती, भिंती नंतर आल्या. मोर्चात एकमेकींचे डबे खाल्लेल्या बायकांना नळाच्या तक्रारीसाठी एकत्र जमायला शिकवावे लागत नाही.

अडचण अंतराची. कुंभारी शहरापासून दहा-बारा किलोमीटर. पूर्व विभागात विडीची शाखा, यंत्रमाग, भाजी, दवाखाना सारे चालत जाण्याजोगे. माळावर घर स्वतःचे होते, पण घरातल्या बाकीच्यांची कामे शहरातच राहतात आणि बसभाडे मजुरीतून वजा होते. नकाशावर हे दिसत नाही. महिन्याच्या वीस तारखेला दिसते.

अक्का कुंभारीला गेल्या नाहीत. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला. रात्री-अपरात्री तिकडून येणे-जाणे त्याला जमेना. गेल्या दिवाळीत भेटलो तेव्हा त्या तिसऱ्या खोलीत होत्या. पुढ्यात तेच सूप. मालक नवा होता. पावतीचे विचारले, तर हसल्या आणि पान कातरू लागल्या.