ऑडिओ रॅक विकत कशाला? उद्यमनगरात करून घ्या!

टर्नटेबल, अ‍ॅम्प्लिफायर आणि एलपींसाठी तयार रॅक शोधत असाल तर जरा थांबा. कोल्हापुरात राहून पार्टिकल बोर्डाचं खोकं घरात आणायची गरजच नाही. आपल्या पावसाळ्यात ओल लागली की तो बोर्ड फुगतो, स्क्रू सैल होतात, फळी मधे झोळ खाते.

शिवाजी उद्यमनगरात २५ मिमी चौकोनी पाइपची फ्रेम वेल्ड करून घ्या, पायांना लेव्हलचे बोल्ट लावून. फळ्या १९ मिमी मरीन प्लायच्या. आयएस ७१० चा शिक्का बघूनच प्लाय उचला. पावडर कोटिंग झाल्यावर पाइपात कोरडी वाळू भरली की फ्रेमचा टणकार मरतो.

खरी मेख एलपीच्या कप्प्यात आहे. कव्हर साधारण ३१.५ सेंमी चौरस असतं, म्हणून आतली उंची ३४ सेंमी तरी हवी, नाहीतर बोटं घालायला जागा उरत नाही. शंभर एलपी म्हणजे पंचवीस किलोच्या आसपास वजन, तेव्हा हा कप्पा तळालाच. तबकड्या उभ्या ठेवा. थप्पी लावली की खालच्या वाकतात.

टर्नटेबल सगळ्यात वर. पेठेतल्या जुन्या लाकडी माडीवर मात्र कुणी धपधप चाललं की सुई उडते. तिथं भिंतीतला ब्रॅकेटच बरा. स्पीकर त्याच रॅकवर नकोत. त्यांचा हादरा सुईवाटे परत अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जातो आणि आवाज घुमायला लागतो.

अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर निदान दहा सेंमी मोकळी जागा, मागची बाजू उघडी. काचेचं बंद शोकेस दिसतं भारी, पण आत यंत्र उकडून निघतं.

आणि रंग काळाच घ्या. बाकीचे रंग मला तरी बघवत नाहीत!