लांब काठी जड का होते?

दिवाळीच्या साफसफाईत बांबूला झाडू बांधून जळमटे काढताना हात कसे भरून येतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच. जमिनीवर उभे राहून दुमजली इमारतीच्या काचा धुणाऱ्या कामगाराला हे रोजचेच. त्याने काठी कशी निवडावी?

काठी खालच्या टोकाला धरून तिरकी केली, की तिचे वजन तिच्या मध्यबिंदूतून कार्य करते. ब्रशचे वजन मात्र त्याच्या दुप्पट अंतरावरून. म्हणून ब्रशमध्ये वाढलेले १०० ग्रॅम हे काठीत वाढलेल्या २०० ग्रॅमांइतके हातांना जाचतात. पाणी शोषून घेणारा ब्रश तर नकोच! तेव्हा आधी ब्रश हलका हवा, काठीचा विचार नंतर.

आता त्याच जाडीची काठी दुप्पट लांब घ्या. वजन दुप्पट, मध्यबिंदूचे अंतरही दुप्पट. म्हणजे तिला खाली वळवणारा परिणाम चौपट!

काठी पोकळ असावी. वाकताना ताण मुख्यतः बाहेरच्या थरांवर पडतो, गाभा फारसे काम करीत नाही. (बांबू पाहा.) अ‍ॅल्युमिनियमची घनता दर घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम, तर कार्बन-तंतूंच्या संमिश्राची सुमारे १.६. शिवाय त्याच वजनाची कार्बनची नळी कमी वाकते.

मग कार्बनच घ्यावा ना? जरा थांबा. अ‍ॅल्युमिनियमप्रमाणे कार्बन-तंतूही विद्युत्‌वाहक आहेत. काठी वरच्या विजेच्या तारेला लागली तर जिवावरच बेतेल. काचतंतूंची काठी वीज वाहू देत नाही, पण काचा धुताना ती ओली होते आणि मग तिचाही भरवसा नाही. जवळ तारा असतील तेथे कोणतीच काठी उचलू नये.