विजेवर चालणारी पिक-अप गाडी आणि पुराचे पाणी

पावसाळ्यात ओढ्यानाल्यांना पूर आला म्हणजे अनेक खेड्यांचा बाजारपेठेशी असलेला संबंध तुटतो. दूध, भाजीपाला व फळे हा नाशवंत माल वेळेवर पोचला नाही तर शेतकऱ्याचे नुकसान होते. म्हणूनच फरशीवरून पाणी वाहत असतानाही गाडी पलीकडे घालण्याचा मोह अनेकांना होतो. आता मालवाहतुकीसाठी विजेवर चालणाऱ्या गाड्याही रस्त्यावर आल्या आहेत. २०२२ साली टाटा एस ही लहान मालगाडी विजेवर चालणाऱ्या स्वरूपात पुढे आली आणि त्यानंतर इतरही गाड्या आल्या. अशा गाड्यांना पाण्याचे भय नाही, प्रसंगी त्या नावेसारख्या तरंगतात, असे बोलले जाते. या बोलण्यात तथ्य किती व भ्रम किती, हे पावसाळ्यापूर्वीच समजून घेणे हिताचे आहे.

या समजाचा उगम

विजेवर चालणाऱ्या मोठ्या पिक-अप गाड्यांचा प्रसार प्रथम अमेरिकेत झाला. सायबरट्रक या गाडीविषयी तिच्या कंपनीचे प्रमुख ईलॉन मस्क यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये असे जाहीर केले होते की, ती थोडा वेळ नावेचे काम करील आणि नद्या, तळी व फारसा खवळलेला नसेल असा समुद्रही ओलांडील. २०२३ च्या अखेरीस ती गाडी ग्राहकांच्या हाती पडू लागली. तिच्या माहितीपुस्तकात मात्र नावेचा उल्लेख नव्हता. जमिनीपासून सुमारे ८१ सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या पाण्यातून ती चालविता येईल, एवढेच त्यात नमूद होते. रिव्हियन कंपनीच्या पिक-अप गाडीसाठी ही मर्यादा तीन फुटांहून थोडी अधिक, तर फोर्ड कंपनीच्या २०२२ साली विक्रीस आलेल्या विजेच्या पिक-अप गाडीसाठी सुमारे ६० सेंटिमीटर सांगण्यात आली होती. पाण्यातून चालणे आणि पाण्यावर तरंगणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे.

विजेची गाडी पाण्यात चटकन बंद का पडत नाही?

डिझेल अथवा पेट्रोलच्या इंजिनाला जळणासाठी हवा लागते. हवा ओढण्याच्या नळीतून पाणी आत गेले की ते सिलिंडरमध्ये शिरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे दट्ट्याचा दांडा वाकतो आणि इंजिन जागच्या जागी थांबते. विद्युत् मोटरला हवा ओढावी लागत नाही व धूरही बाहेर टाकावा लागत नाही. मोटर व बॅटरी बंद पेटीत ठेवलेल्या असतात आणि पेटीचे सांधे रबरी पट्ट्यांनी घट्ट केलेले असतात.

अशा बंदिस्तपणाचे एक आंतरराष्ट्रीय मोजमाप आय. पी. ६७ या नावाने ओळखले जाते. त्यातील ६ हा अंक धूळ आत न शिरण्याचा आणि ७ हा अंक एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे टिकण्याचा निदर्शक आहे. परंतु ही कसोटी त्या भागापुरती असते, संपूर्ण गाडीची नव्हे. शिवाय ती स्थिर पाण्यात घेतली जाते. पुराच्या पाण्यात दगड, गाळ व ओंडके असतात. खडबडीत रस्त्यांवर वर्षानुवर्षे हादरे बसल्याने रबरी पट्ट्याही पूर्वीसारख्या राहत नाहीत.

गाडी पाण्यात उतरताच पाण्यात वीज उतरून माणसे दगावतील, अशीही भीती काहींना वाटते. या गाड्यांतील उच्च दाबाचा विद्युत्प्रवाह गाडीच्या सांगाड्यापासून अलग राखलेला असतो आणि दोष आढळताच तो आपोआप तोडण्याची योजना असते. तेव्हा सुस्थितीतील गाडीबाबत ही भीती सहसा निराधार आहे. खरा धोका निराळाच आहे.

तरंगण्याचा हिशोब

पाण्यात बुडणारी वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकी तिला वर उचल मिळते. आर्किमिडीज या ग्रीक शास्त्रज्ञाचा हा सिद्धांत नावेप्रमाणेच गाडीलाही लागू पडतो. मोठ्या पिक-अप गाडीचे वजन ३,००० किलोग्रॅम धरावे आणि तिचा तळ १० चौरस मीटरांचा समजावा. तळाच्या वर एक सेंटिमीटर पाणी चढले की १०० लिटर पाणी बाजूला सारले जाते व १०० किलोग्रॅम उचल मिळते. म्हणजे पाणी तळापासून १५ सेंटिमीटर चढताच चाकांवरील निम्मे वजन नाहीसे होते आणि ३० सेंटिमीटर चढताच गाडी तरंगू लागते.

हा हिशोब चहूकडून बंद असलेल्या पेटीचा आहे. प्रत्यक्ष गाडीत चाकांवरच्या पोकळ्या असतात, मागचा हौदा उघडा असतो आणि दारांच्या फटींतून पाणी आत येते. त्यामुळे उचल कमी मिळते व पाण्यातून चालण्याची मर्यादा थोडी वाढते. परंतु जी उचल मिळते ती हमखास मिळते. गाडी जितकी अधिक बंदिस्त, तितकी ती लवकर हलकी होते. मोटर कोरडी राखणारा बंदिस्तपणाच चाकांची पकड कमी करतो, हे या विषयातील मुख्य तत्त्व होय.

यातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. बाजारात माल उतरवून परतणारी रिकामी गाडी पाण्यातून सहज जाईल असे चालकास वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. रिकाम्या गाडीच्या चाकांवर मुळातच वजन कमी असते, त्यामुळे भरलेल्या गाडीपेक्षा ती आधी उचलली जाते. भारतातील लहान विजेच्या मालगाड्यांपैकी अनेकांचे रिकामे वजन अमेरिकेतील या मोठ्या गाड्यांच्या निम्म्याहूनही कमी असल्याने त्यांच्या चालकांनी विशेष सावध राहिले पाहिजे.

प्रवाहाचा जोर

पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. सेकंदास एक मीटर वेगाने वाहणारे पाणी आपल्यासमोरील एक चौरस मीटर पृष्ठभागास सुमारे ५० किलोग्रॅम वजनाइतका रेटा देते. वेग दोन मीटर झाल्यास हा रेटा सुमारे २०० किलोग्रॅम आणि तीन मीटर झाल्यास सुमारे ४५० किलोग्रॅम होतो. फरशी ओलांडताना गाडीची संपूर्ण लांबी प्रवाहास आडवी असते. एकीकडे पाणी गाडीचे वजन उचलून धरते, दुसरीकडे ते तिला बाजूस रेटते, आणि खाली शेवाळाने निसरडी झालेली फरशी असते. अशा वेळी मोटर कितीही बलवान असली तरी तिचा उपयोग होत नाही, कारण चाकांना धरावयास काही उरत नाही.

वेगाने वाहणारे १५ सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसास पाडू शकते, ३० सेंटिमीटर पाणी लहान मोटारी वाहून नेऊ शकते आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक वाहने वाहून नेऊ शकते, असा इशारा अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा देते. आधी सांगितलेल्या मर्यादा संथ पाण्यासाठी समजावयाच्या, पुरासाठी नव्हेत.

डिझेलची गाडी पुष्कळदा पाण्याच्या काठाशीच बंद पडून चालकास सावध करते. विजेची गाडी तशी सूचना देत नाही. ती चालत राहते आणि चाके उचलली गेल्यावरच चूक ध्यानात येते. मग परतण्याचा मार्ग राहत नाही.

खरोखर तरंगणाऱ्या गाड्या

पाण्यावर चालणाऱ्या मालमोटारी जगात झालेल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून अमेरिकेने ‘डक’ या नावाची मालमोटार वापरली. तिचे अंग नावेसारखे होते, मागे पाणी कापणारा पंखा होता आणि आत शिरलेले पाणी उपसण्यासाठी पंप होते. चीनमधील बीवायडी कंपनीने २०२३ साली यांगवांग यू-८ ही प्रवासी गाडी काढली. संकटसमयी ती ३० मिनिटांपर्यंत तरंगते आणि चाके फिरवून ताशी सुमारे ३ किलोमीटर वेगाने पुढे सरकते. मात्र पुराचे पाणी ताशी ३ किलोमीटरांहून कितीतरी अधिक वेगाने वाहते. अशी खास बांधणीची गाडीही जीव वाचविण्यापुरतीच तरंगते, नदी ओलांडण्यासाठी नव्हे.

पाणी लागल्यानंतरची काळजी

बॅटरीच्या पेटीत पाणी शिरल्यास त्याचा परिणाम तत्काळ दिसतोच असे नाही. खारे पाणी विशेष घातक असते, कारण त्यातून वीज सहज वाहते व धातू गंजतो. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात २०२२ च्या ‘इयन’ चक्रीवादळात समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही विजेच्या गाड्यांनी नंतर पेट घेतला. कोकणात खाडीकाठी गाडी वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी चालकांस व शेतकऱ्यांस समजावून द्याव्यात :

१. फरशी, मोरी किंवा बंधारा यांवरून पाणी वाहत असल्यास गाडी त्यात घालू नये. गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली, हे वरून कळत नाही.

२. फरशीच्या दोन्ही बाजूंस ठळक रंगाचे, खुणा केलेले खांब पावसाळ्यापूर्वी उभे करून घ्यावेत.

३. साचलेल्या संथ पाण्यातून जाणे भागच असल्यास गाडीच्या माहितीपुस्तकातील मर्यादा पाहावी, काठीने खोली तपासावी आणि गाडी माणसाच्या चालीने न्यावी. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबून कोरडे करावेत.

४. गाडी तरंगू लागल्यास काचा ताबडतोब उघडून बाहेर पडावे. दाराबाहेर ६० सेंटिमीटर पाणी चढलेले असून आत कोरडे असेल, तर एक मीटर रुंदीच्या दारावर सुमारे १८० किलोग्रॅमचा दाब असतो. असे दार हाताने उघडत नाही.

५. बुडालेली गाडी चार्जिंगला लावू नये व सुरू करू नये. नारिंगी रंगाच्या तारांना हात लावू नये. घर, गोठा व कडब्याची गंजी यांपासून किमान १५ मीटर दूर ती उघड्यावर ठेवावी आणि जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावी.

एक दिवसाचे दूध वा भाजी वाया गेल्यास होणारे नुकसान पुढे भरून काढता येते. गाडी आणि तीत बसलेली माणसे पुरात गेल्यास ते नुकसान भरून येत नाही. विजेच्या गाडीचे गुण अनेक आहेत, पण पुरात ती नाव होऊ शकत नाही. पाणी ओसरेपर्यंत अलीकडच्या काठावर थांबणे हाच सुरक्षित मार्ग होय.