ओठ मिटले नाहीत

सकाळी 7.30
आमच्या फॅक्ट-चेक टिपलाइनच्या फोनवर रात्रीतून 42 मेसेज येऊन पडलेत. बहुतेकांचा प्रश्न एकच, "खरंय का हो हे?" विचारणाऱ्या या माणसांबद्दल मला माया वाटते. पुढे पाठवायच्या आधी थांबतात ती.

9.30
जुन्या पुराचे फोटो, दरवर्षी फिरणारा फुकट रिचार्जचा मेसेज. तासाभरात निकाली.

10.45
आता एक व्हिडिओ. शेअर बाजारातले बडे अधिकारी हिंदीत सांगतायत, या ग्रुपमध्ये या, शेअर आम्ही सुचवू. एप्रिल 2024मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारानं आपले प्रमुख आशिषकुमार चौहान यांच्या अशाच बनावट व्हिडिओंबद्दल लोकांना सावध केलं होतं. घडण तीच. चेहरा खरा, कोट खरा, मागचा पडदाही खरा. आवाज आणि ओठ तेवढे नवे. मी क्लिप अगदी सावकाश चालवते. प, ब, म म्हणताना ओठ मिटावेच लागतात. इथं 'मुनाफा'च्या 'मु'ला ओठांत फट राहिलीय. नव्या क्लिपांत ही फटही बुजत चाललीय, म्हणून तेवढ्यावर भागत नाही. फ्रेम काढून शोधत बसते, तेव्हा मूळ मुलाखत सापडते. इंग्रजीत, भलत्याच विषयावर.

12.15
व्हिडिओ पाठवणाऱ्यांना फोन लावते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक.
"सर, पैसे भरलेत का?"
बराच वेळ काही नाही. मग, "काल संध्याकाळी. 60 हजार. हिला माहीत नाही."
"आधी 1930ला फोन करा. आत्ता, जेवायच्या आधी." पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात, तक्रार जितकी लवकर, तितकी ते मध्येच गोठण्याची आशा.
ठेवता ठेवता ते म्हणाले, "मुलांना सांगायचो, डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. मी डोळ्यांनीच बघितलं हो, ताई."
अशा माणसांना लोक लोभी म्हणतात तेव्हा मला संताप येतो.

4.00
नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी. तिचा चेहरा नग्न शरीरावर लावलाय. लिंक मी उघडत नाही, त्याची गरज नाही. तिला सांगते, स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेव, सायबर पोलिसांकडे तक्रार कर, 'स्टॉप एनसीआयआय' या संकेतस्थळावर नोंद कर; तिथं फोटो तुझ्याच फोनवर राहतो, जुळणी करायला फक्त त्याचा अंकी ठसा कंपन्यांकडे जातो. सगळं ऐकून ती विचारते, "पण ती मी नाही, हे कुणाकुणाला सांगत फिरू?" नोव्हेंबर 2023मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदानाचा चेहरा दुसऱ्याच बाईवर लावलेला व्हिडिओ फिरला, तेव्हा तिनं लिहिलं होतं की शाळा-कॉलेजात असताना हे घडलं असतं तर कसं निभावलं असतं, याची कल्पनाच करवत नाही. तिच्या बाजूनं बोलायला अख्खा देश उभा राहिला. या मुलीच्या बाजूनं सध्या तिची बहीण आहे. मी बहिणीशीही बोलते, चांगला अर्धा तास.

6.30
शेअरवाल्या व्हिडिओची पडताळणी प्रसिद्ध.

8.40
सरांचा मेसेज. तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. घरीही सांगितलं. खाली आणखी एक ओळ: हा व्हिडिओ त्यांनी परवा माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला होता. आज तिथंच लिहिलं, 'मी फसलो, तुम्ही फसू नका.'
त्यावर दोघांचं उत्तर आलंय, 'सर, मीही भरले.'
त्या दोघांचे नंबर सरांनी मला पाठवलेत. चप्पल काढून पुन्हा टेबलाशी बसते आणि पहिला नंबर फिरवते.