गोफणीचा पल्ला कितीचा हवा?

केरा आणि कोयना जिथे मिळतात त्या पाटणपासून पश्चिमेला निघालं की शिवार सपाट राहत नाही. डोंगराच्या अंगाने तालीवर ताली चढत जातात, खालच्या तालीच्या खाली कुणाचं तरी घर, गोठा किंवा वाट असते. पूर्वेला कराडच्या बाजूने जमीन रुंदावते आणि शाळू, भुईमूग, सोयाबीन, ऊस असं सगळं शेजारी-शेजारी दिसू लागतं. अशा मुलखात शाळवाची राखण करण्यासाठी गोफण घ्यायची किंवा विणायची म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: दगड लांब किती जातो? हा प्रश्नच चुकीच्या ठिकाणी सुरू होतो. गोफण पल्ल्यावरून पारखली की हमखास चुकीची गोफण हाती येते. पारख करायची ती दगड दर वेळी एकाच क्षणी, एकाच दिशेने सुटतो की नाही, याची.

आधी लागणारं अंतर मोजू. एक एकर म्हणजे सुमारे 4,047 चौरस मीटर. तेवढं शेत चौकोनी धरलं तर बाजू 64 मीटरच्या आत-बाहेर येते, आणि राखणदाराचा माळा मधोमध असेल तर तिथून सगळ्यात लांबचा कोपरा 45 मीटरवर पडतो. वीस गुंठ्यांचा तुकडा असेल तर 32 मीटर. डोंगराकडच्या ताली त्याहून अरुंद. म्हणजे पन्नास मीटर दगड टाकणारी गोफण इथल्या बहुतेक राखणदारांना पुरून उरते. आता गोफण काय देते ते पाहू. लांबवलेला हात आणि दुमडलेली दोरी मिळून दीड मीटर त्रिज्या धरली आणि शेवटच्या झटक्याचा वेग सेकंदाला तीन फेऱ्यांचा धरला, तर दगड सेकंदाला 28 मीटरने सुटतो, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर. हवेचा अडथळा सोडून दिला तर असा दगड सपाटीवर ऐंशी मीटर जाऊ शकतो. गरजेच्या दीडपट-दुप्पट पल्ला साध्या हाताला आधीच मिळालेला आहे. त्यात आणखी भर घालण्यासाठी दोरी लांबवणं म्हणजे भरल्या घागरीत पाणी ओतणं.

उलट त्याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते आणि ती जास्त महत्त्वाची आहे. सेकंदाला तीन फेऱ्या म्हणजे सेकंदाला 1,080 अंश. बोटांतून दोरीचं टोक एक शतांश सेकंद उशिरा सुटलं तर दगडाची दिशा जवळजवळ अकरा अंशांनी बदलते, आणि पन्नास मीटरवर तो साडेनऊ मीटर बाजूला पडतो. तालीच्या शेतात साडेनऊ मीटर म्हणजे दुसऱ्याचं रान. तेव्हा गोफण निवडताना जे काही पाहायचं ते या एका शतांश सेकंदासाठी पाहायचं. दोरी ताणाखाली लांबते का? लिंबाएवढा, चार सेंटिमीटर व्यासाचा काळ्या दगडाचा गोटा शंभर ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि वरच्या वेगाला तो दोरीला पाच किलोंच्या ओझ्याइतका ओढतो. नायलॉन अशा ओढीला कमी-जास्त ताणतो, शिवाय गुळगुळीत असल्याने बोटांतून केव्हा निसटेल याचा नेम नसतो. अंबाडीची किंवा घायपाताची विणलेली दोरी ताणत नाही आणि बोटाला तिचा खरखरीत स्पर्श कळतो. नायलॉनची बाजू घेणारे म्हणतील की तो कुजत नाही. खरं आहे, पावसाळ्यात भातखाचराशेजारी लटकवलेली अंबाडीची दोरी एका हंगामात मऊ पडते. पण शाळवाची राखण थंडीतली आहे. तेव्हा त्रास असतो तो पहाटेच्या दवाचा, आणि गोफण रात्री घरात खुंटीला टांगली की तो मिटतो.

झोळीचंही तसंच. खोल झोळीत दगड पक्का बसतो म्हणून ती आवडते, पण सुटताना तो झोळीतच क्षणभर घोटाळतो. उथळ झोळीतून तो फिरवतानाच गळतो, आणि गळलेला दगड मागे, म्हणजे माळ्याखाली बसलेल्या माणसाकडे जाण्याची शक्यता पुढे जाण्याइतकीच. म्हणून आधी दगड ठरवावेत, मग त्यांच्या मापाने झोळी विणावी. कोयनेच्या पात्रातले घासून गोल झालेले गोटे एका मापाचे वेचता येतात. पठारावरचा जांभा खडबडीत आणि वेडावाकडा असतो, त्याचा प्रत्येक खडा झोळीत वेगळा बसतो. याहून बरा उपाय म्हणजे चिकण मातीचे गोळे वळून उन्हात वाळवणं: सगळे एका वजनाचे, पडले की फुटणारे, पुढच्या कोळपणीत पासेला आडवे न येणारे. (गोफण हा शब्द सुश्रुताच्या पट्ट्यांच्या यादीतही आहे. हनुवटी-नाकावर बांधायच्या पट्टीला तिथे गोफणा म्हटलं आहे. मधे झोळी आणि दोन बाजूंना दोन शेपट्या हा आकार वैद्याच्याही नजरेत भरला होता.)

फेकणाऱ्या साधनाचं मोल पल्ल्यात नसून सारखेपणात असतं, हे तबकडी-नेमबाजीतून फार स्वच्छ दिसतं. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे ही कोल्हापूरकडची मोठी नावं रायफल आणि पिस्तुलाची, म्हणजे स्थिर लक्ष्याची. त्यामुळे उडत्या तबकडीचा खेळ आपल्याकडे तसा अनोळखी. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 साली अथेन्सला रौप्यपदक घेतलं तेव्हा तो अनेकांनी प्रथम ऐकला. पूर्वी या खेळात जिवंत कबुतरं सोडत, नंतर काचेचे गोळे आले, आणि 1880 मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने मातीची तबकडी आणली. आजची तबकडी डांबराची राळ आणि चुनखडीची भुकटी यांची असते, नाव मात्र मातीचंच राहिलं. तिचा व्यास 110 मिलिमीटर आणि वजन 105 ग्रॅम, म्हणजे आपल्या लिंबाएवढ्या गोट्याइतकंच. हौशी लोक ती हाताने उडवतात: एक लांब दांड्याची पकड असते, ती हाताची लांबी वाढवते आणि तबकडी तिच्या कडेवरून घरंगळत निघताना स्वतःभोवती गरगरते. ही झाली प्लास्टिकची गोफणच. दुसरा प्रकार जमिनीत रोवलेल्या स्प्रिंगच्या दांड्याचा, दोरी ओढली की सुटणारा. पण ऑलिंपिकच्या ट्रॅप प्रकारात तबकडी किती लांब जावी याला नियम आहे, आणि तो ‘जास्तीत जास्त’ असं म्हणत नाही. तो 76 मीटर म्हणतो, एक मीटर इकडे-तिकडे. स्कीट प्रकारात 68. हौशी माणसानेही हातयंत्र घेताना हेच पाहावं, की शेवटची तबकडी पहिलीच्याच वाटेने जाते का आणि तोवर खांदा शाबूत राहतो का. स्प्रिंगचा दांडा जोरदार असतो, पण ताण देऊन ठेवलेल्या दांड्यासमोर हात गेला तर हाड मोडतं. छऱ्यांसाठी पुढे पावणेतीनशे-तीनशे मीटर निर्मनुष्य जागा लागते ती वेगळीच. पाटणच्या तालींवर एवढी जागा शोधणाऱ्याने आधी खालच्या वाडीची छपरं मोजावीत.

गोफणीच्या पल्ल्याबद्दलच्या या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा येईल की लांब पल्ल्याने पाखरांचा थवा शेतावर उतरण्याआधीच परतवता येतो. पण राघू आणि मुनिया दगड किती दुरून आला म्हणून घाबरत नाहीत. सुट्या दोरीचा फटकारा आणि ताटांमधून सळसळत जाणारं काहीतरी यांना ते घाबरतात. दोन्ही जवळ घडावं लागतं. शिवाय पाखरू उडवायचं असतं, पाडायचं नसतं. मोर हा 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, गवाही तिथेच. कोयना अभयारण्य आणि 2010 पासूनचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प ज्या तालुक्याला लागून आहे, तिथे नेम चुकवून टाकता येणं हे नेम साधण्याइतकंच कामाचं कौशल्य आहे, आणि चुकवायलाही दगड कुठे पडणार हे आधी ठाऊक असावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: भुईमुगाचं खरं नुकसान रानडुकरं करतात, रात्री करतात, आणि तिथे गोफण काय कामाची? काहीच नाही. अंधारात गोफण फिरवणं हा निव्वळ अविचार आहे. वीस मीटर उंचीच्या तालीवरून आडवा सुटलेला दगड दोन सेकंदांत पन्नासहून जास्त मीटर जाऊन खालच्या अंगणात पडू शकतो. डुकरांसाठी कुंपण, उजेड, आवाज हेच मार्ग आहेत. बंदूक हे उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे, पण परवाना मिळाला म्हणून डुक्कर मारायची मुभा मिळत नाही. कार्बाइड भरून उडवायची पाइपची तोफ स्वस्त खरी, पण ती पेटली नाही म्हणून वाकून पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर बेतते.

उरतो तो आक्षेप माणसांचा, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. दाणा चिकात आल्यापासून कडक होईपर्यंत तीन-चार आठवडे दिवस उजाडताना आणि मावळताना माळ्यावर कुणी बसायचं? पोरं शाळेत, तरुण पुण्या-मुंबईला, रोजंदारी परवडत नाही. गोफण मागे पडली ती साधन म्हणून हरली म्हणून नाही, तिला फिरवणारा खांदा गावात उरला नाही म्हणून. पण ज्या शिवारात चार शेजारी पाळी लावून राखण करतात तिथे आणखी एक अडचण उभी राहते: एकाच्या हाताला बसलेली गोफण दुसऱ्याच्या हाताला बसत नाही. हात खाली सोडला असता झोळी जमिनीला टेकू नये, हे माप प्रत्येकाचं वेगळं. मधल्या बोटाचा फासाही वेगळा. म्हणून माळा एक असला तरी गोफणी चार लागतात, आणि अंबाडीच्या दोरीला एवढा काही खर्च येत नाही.

घेण्याआधी परीक्षा दिवसाउजेडी, मोकळ्या माळावर, खाली वस्ती नसलेल्या दिशेला घ्यावी. चाळीस पावलांवर गोणपाट अंथरावं, एका मापाचे दहा गोळे टाकावेत आणि मग चालत जाऊन ते कुठे फुटलेत ते पाहावं. तीन गोणपाटावर आणि सात चहूकडे पांगलेले असतील तर ती गोफण विकणाऱ्याला परत द्यावी, तीन नेम लागले म्हणून हुरळू नये. दहाच्या दहा डावीकडे, पण एका सुपाएवढ्या जागेत फुटले असतील तर ती ठेवावी. सुट्या दोरीची गाठ बोटभर मागे-पुढे करून पुढचे दहा टाकावेत.