विजय हजारे आणि हॉल ऑफ फेम : ऐकीव गोष्टी आणि खरा हिशेब

2025 च्या जूनमध्ये महेंद्रसिंह धोनीचं नाव आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये आलं आणि आमच्या मुधोळात जुना वाद परत पेटला. मुधोळ म्हणजे कर्नाटकातलं नव्हे. बासरजवळचं, 1956 पर्यंत नांदेड जिल्ह्यात असलेलं, मग आदिलाबादेत आणि 2016 पासून निर्मल जिल्ह्यात गेलेलं. जिल्हा बदलला, राज्य बदललं, पण क्रिकेटवरून हुज्जत घालायची ती मराठीतच. पोरं धोनी-सेहवागवर खूश असतात. केस पिकलेली मंडळी मध्येच विचारतात, ‘अन् हजारे?’ त्यावर जे बोललं जातं, त्यातलं निम्मं ऐकीव असतं. ते एकदा निस्तरून टाकलेलं बरं.

‘हजारे तर कधीचेच असतील त्यात, त्यांच्या नावाची ट्रॉफी आहे ना!’ हे सर्रास ऐकू येतं. नाहीत. विजय हजारे ट्रॉफी ही आपल्या क्रिकेट मंडळाची एकदिवसीय स्पर्धा. मंडळाने हजारेंना सी. के. नायडू जीवनगौरव दिला, सरकारने 1960 साली पद्मश्री दिली. हॉल ऑफ फेम मात्र आयसीसीचं आहे. खेळाडूंच्या जागतिक संघटनेला सोबत घेऊन ते 2009 मध्ये सुरू झालं आणि त्या संघटनेच्या आधीच्या हॉल ऑफ फेममधली 55 नावं त्यात सुरुवातीलाच घेतली गेली. दिल्लीतून किंवा मुंबईतून कुणी शिफारस केली की नाव लागलं, असं तिथे चालत नाही. आधीचे सन्मानित खेळाडू, क्रिकेट लिहिणारे आणि पदाधिकारी मिळून कौल देतात.

आता वादाच्या मुळाशी येऊ. ‘तीस कसोटी अन् 2192 धावा. आजकालची पोरं दोन वर्षांत एवढ्या काढतात!’

आकडे बरोबर आहेत, त्यातून काढलेला अर्थ चुकीचा. हजारेंचा जन्म सांगलीचा, 1915 चा. 1936 नंतर थेट 1946 पर्यंत भारत एकही कसोटी खेळला नाही, मध्ये महायुद्ध होतं. फलंदाजाची एकवीस ते एकतीस ही वर्षं म्हणजे ऐन उमेद, आणि ती अशी गेली. पहिली कसोटी मिळाली 1946 साली लॉर्ड्सवर, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. शेवटची 1953 मध्ये वेस्ट इंडीजला. या काळात भारताने सगळ्या मिळून 32 कसोटी खेळल्या, त्यांतल्या 30 हजारे खेळले. याहून जास्त खेळायचं तर कुणाविरुद्ध आणि कुठे?

हॉल ऑफ फेमची फलंदाजांसाठीची मोजपट्टी अशी, की कसोटीत किंवा एकदिवसीय सामन्यांत किमान 8000 धावा आणि 20 शतकं हवीत, नाहीतर सरासरी पन्नासच्या वर हवी. हजारेंना एकूण 52 डाव मिळाले. त्यांत आठ हजार करायच्या तर दर डावाला 154 धावा लागतील. ब्रॅडमनलाही हे जमलं नसतं. राहिली सरासरी. हजारेंची 47.65. सहा वेळा ते नाबाद राहिले, म्हणजे भागायचे डाव 46. आणखी 108 धावा असत्या तर सरासरी बरोबर पन्नासावर आली असती. माळेतले मणी असतात तेवढ्या धावांसाठी एक माणूस दाराबाहेर.

पण मोजपट्टी तेवढ्यावर संपत नाही. आकड्यांत न बसणाऱ्याने खेळाच्या इतिहासावर मूलभूत ठसा उमटवला असेल, तर त्याचाही विचार होतो. पोरांना हे कलम ठाऊकच नसतं. ‘क्रायटेरियात बसत नाही, विषय संपला’ म्हणून ती मोबाईल खिशात घालतात. विषय खरं तर इथूनच सुरू होतो.

2021 मध्ये आयसीसीने पाच कालखंडांतून प्रत्येकी दोन, असे दहा जण घेतले. 1946 ते 1970 या खंडातून विनू मंकड आले. मंकड 1978 सालीच वारले होते, त्यामुळे ‘मेलेल्या माणसाला कोण घेतंय’ हे म्हणणंही बाद. मंकडांच्या कसोटी धावा 2109, बळी 162. गोलंदाजाला 200 बळींची अट, तीही ते पुरी करत नाहीत. तरी ते आले, आणि यायलाच हवे होते. 1952 च्या लॉर्ड्स कसोटीत 72 आणि 184 धावा काढून डावात पाच बळीही घेणारा माणूस कुठल्या मोजपट्टीत बसणार? त्या संघाचे कप्तान होते हजारे.

मग हजारेंचा ठसा कोणता? दोन सामने सांगतो.

ॲडलेड, जानेवारी 1948. ऑस्ट्रेलियाने 674 धावा कुटल्या. त्यांत ब्रॅडमनच्या 201, आणि त्याचा त्रिफळा उडवला तो हजारेंनीच. भारताच्या पहिल्या डावात हजारेंनी 116 काढल्या, जोडीला कोल्हापूरचे दत्तू फडकर, 123. फॉलोऑन आला. दुसऱ्या डावात लिंडवॉलने सात जणांना गुंडाळलं, सहा जण भोपळ्यावर गेले. संघाच्या 277, त्यांतल्या हजारेंच्या 145. एकाच कसोटीत दोन शतकं करणारे ते पहिले भारतीय. आपण हरलो, डावाने हरलो. म्हणून ‘हरलेल्या सामन्यातली शतकं काय कामाची’ असा सूर लागतो. ज्या संघाला पहिला विजय 25 व्या कसोटीत मिळाला, त्या संघाच्या फलंदाजाने शतकं काढायची तरी कुठल्या सामन्यात?

दुसरा सामना हेडिंग्लेचा, जून 1952. पहिल्या डावात हजारेंच्या 89 आणि विजय मांजरेकरांच्या 133. दुसऱ्या डावात पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री, मांजरेकर, चौघेही बाद. फलकावर धावा शून्य. समोर पहिलीच कसोटी खेळणारा फ्रेड ट्रूमन. तेव्हा कप्तान हजारे मैदानात उतरले. त्यांनी 56 काढल्या, फडकरांनी 64, दोघांनी मिळून शंभरावर भागी केली. संघ 165 पर्यंत पोचला. सामना गेलाच, पण चार बाद शून्यावरून एवढं उभं करणं याला मी शतकाच्या वर मानतो.

‘हजारे कूर्मगतीने खेळायचे’ हीही एक तक्रार. संथ होते, खरंच होते. षटकार ठोकून पब्लिक नाचवणारा हा गडी नव्हे. पण 1943 च्या, धर्मानुसार संघ पाडलेल्या पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत बघा. हिंदू संघाच्या 581, त्यांत विजय मर्चंट नाबाद 250. ‘द रेस्ट’ या संघाकडून ख्रिस्ती हजारे खेळत होते. त्यांच्या दुसऱ्या डावात संघाच्या 387, एकट्या हजारेंच्या 309. भाऊ विवेकबरोबर 300 धावांची भागी झाली, तीत विवेकच्या 21! उरलेल्यांना टेकू देत एवढं खेचायचं तर आधी टिकावं लागतं.

प्रथम श्रेणीत हजारेंच्या 18,740 धावा, साठ शतकं, सरासरी 58.38 आणि वर 595 बळी. 1947 च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याकडून होळकर संघाविरुद्ध गुल महंमद यांच्यासोबत 577 ची भागी. कुठल्याही विकेटसाठीचा तो जागतिक विक्रम 2006 पर्यंत टिकला.

हजारेंच्या बाजूने बोलणारेही एक चूक करतात. ‘पहिला विजय मिळवून देणारा कप्तान, म्हणून घ्या.’ फेब्रुवारी 1952, मद्रास, इंग्लंडविरुद्ध एक डाव आणि आठ धावांनी विजय. खरं आहे. पण तो सामना जिंकला मंकडांच्या बारा बळींनी आणि रॉय-उम्रीगरांच्या शतकांनी. कप्तान म्हणून हजारेंचे 14 सामने, विजय एकच. कप्तानीच्या दाराने त्यांना आत न्यायला गेलं तर समोरचा हसेल. 1953 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातही त्यांची बॅट बोलली नव्हती, हेही मान्य करून टाकावं. त्यांची बाजू फलंदाजीवरच मांडायची, ती तेवढी भक्कम आहे.

आकडे असूनही दार बंद राहतं, हे अमेरिकेच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये दिसलं. बॅरी बाँड्सच्या 762 होमरन, सर्वांत जास्त. तरी उत्तेजकांच्या आरोपांमुळे लेखकांच्या मतदानात दहा वर्षांत त्याला हवी ती 75 टक्के मतं मिळाली नाहीत. 2022 ला शेवटच्या खेपेला 66 टक्क्यांवर गाडी अडली. हजारेंवर असला कुठलाही डाग नाही. त्यांच्या आड आलं ते फक्त कॅलेंडर.

धोनी धरून आतापर्यंत अकरा भारतीय या यादीत आहेत. सुनील गावसकरच्या आधीच्या पिढ्यांतला निव्वळ फलंदाज म्हणावा असा त्यांत एकही नाही. ती जागा विजय हजारेंची आहे.